नाबर सरांचे जुळे शब्द

परवा ठाण्याला वर्तकनगरात गेले होते. काम म्हणाल तर फक्त एक झेरॉक्स काढायची होती. कोपऱ्यावरच्या दुकानाची पाटी नवी होती, लाल अक्षरांची, इंग्रजीतली. स्टेशनरी अँड झेरॉक्स. त्या स्टेशनरीत शेवटाकडे जिथे 'ई' हवा तिथे रंगाऱ्याने 'ए' काढला होता. उच्चार तोच. पण 'ई' घातला की कागद, पेन्सिली, लखोटे. 'ए' घातला की जागचं न हलणारं, थांबून राहिलेलं. दुकानदाराला याचं सोयरसुतक नव्हतं, आणि असायचं कारणही नाही. मी मात्र पाटीखाली तशीच उभी राहिले. रस्त्यापलीकडे जिथे आमच्या वसाहतीतली जुनी दोन मजली बिल्डिंग होती, तिथे निळे पत्रे ठोकलेले होते आणि पत्र्यांवर क्रेनची मान फिरत होती. जागचं न हललेलं असं तिथे काहीच उरलं नव्हतं.

त्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर नाबर सरांचा टायपिंग आणि शॉर्टहँडचा क्लास होता. ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. बारावी झालेल्या, कॉलेज परवडत नसलेल्या किंवा घरच्यांना नको असलेल्या मुली तिथे यायच्या. टायपिंग सगळ्याच करायच्या. शॉर्टहँडला थोड्याच टिकायच्या. साहेब बोलतील ते त्यांच्याच वेगाने रेघा आणि ठिपक्यांत उतरवून घ्यायचं आणि मग शुद्ध इंग्रजीत टाइप करून द्यायचं, एवढीच ती विद्या. ऐकायला सोपी वाटते.

क्लास म्हणजे सरांच्या घराची पुढची खोली. मधे पडदा, पडद्यामागे काकूंचा संसार. पुढच्या खोलीत रिबनच्या शाईचा, मशीनला घातलेल्या तेलाचा आणि कार्बन पेपरचा वास. पडद्याखालून कुळथाच्या पिठीचा नाही तर आमसुलाच्या कढीचा वास यायचा आणि संध्याकाळच्या बॅचचं डिक्टेशन त्या वासात चालायचं. अजूनही कुठे कढीला फोडणी बसली की माझा उजवा हात आपोआप पेन्सिल धरल्यासारखा होतो. टाइपरायटरची ओळ संपली की टिंग वाजायचं. एकाच वेळी पुष्कळ मशीनं चालू असली की ती टिंगटिंग एखाद्या देवळात लहान मुलं घंटेशी खेळतात तशी वाटायची.

सर किडकिडीत, गोरे, पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा. मुंबईत एका मोठ्या साहेबाचे स्टेनो म्हणून सगळी नोकरी करून त्यांनी हा क्लास काढला होता. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण त्याला धार होती. शब्द कापून ठेवल्यासारखे यायचे. "कान अर्धंच ऐकतो," ते म्हणायचे, "उरलेलं अर्थाने ऐकायचं."

इंग्रजीत सारख्या आवाजाचे शब्द फार. सरांनी त्यांचे दोन वर्ग केले होते, सख्खे जुळे आणि चुलत. सख्खे म्हणजे ज्यांचा उच्चार अगदी एकच. वीक म्हणजे आठवडा आणि वीक म्हणजे अशक्त. पीस म्हणजे तुकडा, पीस म्हणजे शांतता. प्रिन्सिपल म्हणजे शाळेतला, आणि प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व, जे शाळेतल्याकडे असेलच असं नाही, असं सर न हसता सांगायचे. शॉर्टहँड ही आवाजाची लिपी, त्यामुळे सख्ख्या जुळ्यांची रेघ एकच. कोण कुठला ते वाक्यावरून ओळखायचं. चुलत म्हणजे ज्यांच्यात केसाएवढा फरक. ॲक्सेप्ट म्हणजे स्वीकारणं, एक्सेप्ट म्हणजे वगळून. प्राइस म्हणजे किंमत, प्राइज म्हणजे बक्षीस. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, ॲडव्हाइज म्हणजे सल्ला देणं. घाईत स्वर गाळले की यांच्याही रेघा एकमेकींसारख्या व्हायच्या. पण सरांच्या तोंडून ते इतके वेगळे यायचे की पेंगणाऱ्या मुलीलाही चूक करता येत नसे. सरांना त्याचा अभिमान होता. शॉर्टहँडच्या सरकारी परीक्षेत मजकूर वाचून दाखवायला त्यांना दरवर्षी बोलावणं यायचं. त्या दिवशी काकू त्यांच्या शर्टाच्या खिशात खडीसाखर घालायच्या.

वनिता क्लासला आली ती काकूंमुळे. तिची आई कोलशेतहून मासळीची टोपली घेऊन वसाहतीत यायची आणि काकू तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. एकदा जिन्यात टोपली उतरवून ती म्हणाली, "नाबरीणबाय, माझी पोर बारावी झालीय. रेडिओवरचं इंग्लिश ऐकून तसंच्या तसं बोलते. मास्तरांना इचारा ना, तिला शिकवतील काय?" सरांनी ते पडद्याआडून ऐकलं आणि तिथूनच सांगितलं, "उद्या पाठवा." तेव्हा त्यांना पडद्याआडून, जिन्यातून, सगळीकडून ऐकू यायचं. कुठल्या मशीनवर कुठल्या मुलीने चुकीचं बोट वापरलं तेही.

पहिले काही दिवस वनिताशेजारचं मशीन रिकामं राहायचं. तिच्या कपड्यांना चुलीच्या धुराचा आणि खाडीचा खारा वास असायचा. मी एकदा उशिरा पोचले, दुसरी जागा नव्हती, म्हणून तिच्याशेजारी बसले आणि मग तिथेच बसत राहिले. ती उंच, सावळी, खोचून केस बांधणारी. बोलायची थोडं आणि थेट. "तू ए एस डी एफ मारताना जीभ बाहेर काढतेस," हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य.

एके संध्याकाळी डिक्टेशनमध्ये सेल हा शब्द आला. किनाऱ्यावरचे लोक सकाळपासून सेलची वाट बघत होते, असं काहीसं वाक्य होतं. मी आणि बाकीच्यांनी विक्री धरून लिहिलं. वनिताने शीड धरून. तिचा टाइप केलेला कागद वाचून मुली हसल्या. सरांनी विचारलं, "शीड का?"

"बाबांना उशीर झाला की आम्ही बंदरावर उभं राहून शिडाचीच वाट बघतो, सर," ती म्हणाली. "विक्रीची वाट मग, मासळी आल्यावर."

सरांनी तिचा कागद परत वाचला. मग म्हणाले, "तुझंही बरोबर, त्यांचंही बरोबर. पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही." आणि पुढचं वाक्य त्यांनी तिथल्या तिथे रचलं. वारा पडला होता म्हणून उशीर झाला, असं. त्या एका वाऱ्याने वनिता बरोबर ठरली आणि आम्ही सगळ्या चुकलो.

तिच्याकडे असे शब्द पुष्कळ होते. टाइड म्हणजे बांधलेलं, हे आम्हाला ठाऊक. तिला आधी भरती आठवायची. सोल म्हणजे आत्मा, असं मी म्हटलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे सोल म्हणजे लेप मासा. तव्यावर मस्त लागतो." सरांना त्या दिवशी इतकं हसू आलं की डिक्टेशन थांबवावं लागलं. क्लास सुटल्यावर आम्ही दोघी तिच्या बसस्टॉपपर्यंत चालत जायचो आणि जुळे शब्द एकमेकींना विचारायचो. येऊरच्या डोंगरामागे ऊन गेलेलं असायचं, कारखान्यांतली माणसं सायकलींवरून परतत असायची, आणि आम्ही दोघी मधेच ओरडायचो, वेस्ट, कंबर की वाया? सायकलवाले वळून बघायचे.

सरांचे कान कधीपासून जायला लागले ते सांगता येणार नाही. भरती उतरते तेव्हा कुठल्या लाटेपासून उतरली ते कुणी सांगू शकत नाही. कुकरच्या शिट्ट्या होत राहायच्या आणि सर पडद्याकडे बघायचे नाहीत. आधी मुलींनी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवायचा शिरस्ता होता, तो बंद झाला. "वही द्या, मी बघतो," असं सुरू झालं. आम्हाला वाटलं, सर कडक झाले. एका मुलीला ओढणी तोंडावर धरून बोलण्याची सवय होती. तिला ते एकदा फार रागावले आणि मग दिवसभर खिन्न दिसत होते. एवढ्या मशीनच्या आवाजात काय ऐकू येणार, असं काकू सगळ्यांना सांगायच्या, कुणी न विचारता.

मिनिटाला शंभर शब्दांच्या स्पीडची परीक्षा आली तेव्हा वनिताच्या घरी एक बोलणं ठरलं होतं. पास झाली तर ठाण्याच्या कोर्टात स्टेनोच्या जागेसाठी अर्ज करायचा, नाही तर उत्तनचं स्थळ होतं त्याला होकार. मुलगा चांगला होता, स्वतःची होडी होती. "पण मला होडीत बसून वाट नाही बघायची, नि बंदरावर उभं राहूनपण नाही," वनिता मला म्हणालेली.

त्या वर्षी आमचं केंद्र कल्याणच्या एका शाळेत आलं, आणि मजकूर वाचायला नेमके नाबर सर. हॉल मोठा होता, वर पंखे घरघरत होते, खिडक्यांतून मैदानावरची धूळ येत होती. सर उभे राहिले, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि वाचायला लागले. कुठल्याशा सहकारी संस्थेचा अहवाल होता. आम्हाला काही वेगळं वाटलं नाही. रोज ऐकायचो तोच आवाज, तोच वेग. माझी पेन्सिल आपोआप चालली.

बाहेर आल्यावर एक कल्याणची मुलगी नळापाशी रडत होती. "काय वाचत होते ते?" ती मैत्रिणीला सांगत होती. "सगळे शब्द एकमेकांत गेल्यासारखे. मला अर्धं कळलंच नाही."

मी वनिताकडे बघून खांदे उडवले. वनिता हसली नाही. बसमध्ये तिने मला हळूच विचारलं, "सर ॲक्सेप्ट आणि एक्सेप्ट हल्ली एकच बोलतात, तुझ्या लक्षात नाही आलं? प्राइस आणि प्राइजपण. पावसाळ्यापासून तसंच आहे."

माझ्या लक्षात आलं नव्हतं. रोज थोडं थोडं पुसट होत गेलेलं रोजच्या माणसाला दिसत नाही. सरांना स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला होता आणि त्या आवाजाच्या कडा झिजत चालल्या होत्या. त्यांच्या तोंडी चुलत शब्द एकेक करून सख्खे होत गेले होते, आणि आम्ही त्याबरोबर, न कळत, अर्थाने ऐकायला शिकलो होतो.

निकाल लागला तेव्हा त्या हॉलमधली बहुतेक मुलं नापास झाली होती. पास झाल्या त्या नाबर सरांच्या मुली, असं कानावर आलं. पण आमच्या नावांपुढे गुणांऐवजी 'राखून ठेवला' असं लिहिलेलं होतं. तक्रारी गेल्या होत्या. आठवडाभरात वसाहतीत बोललं जाऊ लागलं की नाबर मास्तरांनी आपल्या पोरींना पेपर आधीच दिला. दूध केंद्राच्या रांगेत काकू उभ्या असल्या की बोलणं थांबायचं. सरांपर्यंत त्यातलं काहीच पोचत नव्हतं. ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून येत होते आणि निकाल का राखला असावा यावर आम्हाला निरनिराळी कारणं सांगत होते.

मग चौकशीला परीक्षा मंडळाकडून एक साहेब आले. वयाने सरांपेक्षा लहान, सभ्य माणूस. त्यांनी शॉर्टहँडच्या मुलींना बसवून घेतलं. काकूंनी चहा आणला. साहेब कप घेऊन खिडकीशी गेले आणि बाहेर बघत, पाठमोरेच, म्हणाले, "नाबरसाहेब, स्पष्टच विचारतो. मजकूर तुम्ही मुलींना आधी दाखवला होतात का?"

सर हसले. "हो तर," ते म्हणाले. "दरवर्षी देतो. त्याशिवाय त्यांची तयारी कशी होणार?"

काकूंच्या हातातला ट्रे तसाच राहिला. साहेब वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघून सरांचं हसू मावळलं. ते एकेकीच्या तोंडाकडे बघू लागले. काय विचारलं गेलं होतं ते त्यांना कळलं नव्हतं. आपण काहीतरी भयंकर बोललो एवढंच कळलं होतं.

वनिताच्या मांडीवर वही होती. तिने पेन्सिल टेकवली, चार रेघा ओढल्या आणि वही किंचित सरांकडे वळवली. इंग्रजीसाठी केलेल्या त्या लिपीत साहेबांचा मराठी प्रश्न ओढूनताणून बसवलेला होता. सरांनी एका नजरेत वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

आता मागे वळून बघताना वाटतं, तिने त्यांना सुटायला वाट करून दिली होती. नाही हो, सरावाचे उतारे म्हणालो मी, असं बोलून त्यांना वेळ मारून नेता आली असती. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"साहेब," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. तुम्ही माझ्याकडे पाठ करून बोललात, मला वाटलं तुम्ही सरावाचं विचारताय. मजकूर मी कुणालाही दाखवलेला नाही. परीक्षेच्या दिवशी लिफाफा फोडला तेव्हाच तो मीही पहिल्यांदा पाहिला."

काकूंनी ट्रे खाली ठेवला आणि पडद्याच्या आत गेल्या.

साहेब समोर येऊन बसले, सरांना ओठ दिसतील असे. "मग तक्रारींचा अर्थ लागतो," ते सावकाश म्हणाले. "मुलांनी लिहिलंय की वाचन कळत नव्हतं."

"माझं वाचन?" सर ताठ झाले. "माझ्या वाचनाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. कान गेले असतील. वाचन तोंडाने होतं."

साहेबांनी काही वाद घातला नाही. त्यांनी बॅगेतून एक छापील कागद काढला, कुणी न पाहिलेला, आणि म्हणाले, "वाचा. मुली लिहून घेतील. मीही लिहितो, साध्या अक्षरांत, जमेल तेवढं."

सर उभे राहिले. घड्याळ टेबलावर ठेवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा तो आवाज बाहेरच्या माणसासारखा ऐकायचा प्रयत्न केला, आणि मला तो ऐकू आला. जाड, गोल झालेला, ओल्या साबणासारखा आवाज. शब्द हातातून सटकत होते. तरीही माझी पेन्सिल चालत होती.

आम्ही टाइप करून कागद दिले. साहेबांनी मूळ कागदाशी ताडून पाहिले. आमचं जवळपास सगळं बरोबर होतं. वनिताचं पूर्ण बरोबर. मग सरांनी हात पुढे केला, आणि साहेबांना स्वतःचा कागद द्यावाच लागला. त्यात एक्सेप्टच्या जागी ॲक्सेप्ट होतं, प्राइजच्या जागी प्राइस होतं, आणि कितीतरी जागी नुसती रेघ मारून साहेब पुढे गेले होते. इंग्रजी चांगलं येणारा, समोर बसलेला, लक्ष देऊन ऐकणारा माणूस.

सर तो कागद बराच वेळ बघत होते. कान गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, ते त्यांनी सगळ्यांपासून लपवलं होतं. आवाज गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. ते आम्ही, किंवा निदान वनिताने, त्यांच्यापासून लपवलं होतं.

"वनिता," ते म्हणाले, "खरं सांग. तुला कळत होतं माझं?"

"कळायचं, सर."

"कशावरून?"

"अर्थावरून."

"आणि आवाजावरून?"

वनिताने मान खाली घातली. तेवढं उत्तर वाचायला ओठांची गरज नव्हती.

पुढे सगळं रीतसर झालं. आमचे निकाल सुटले. कल्याणच्या मुलांची परीक्षा दुसऱ्या वाचकाकडून परत घेतली गेली आणि नळापाशी रडणारी ती मुलगीही बहुधा पास झाली असेल. वनिताला कोर्टात नोकरी लागली. तिच्या आईने क्लासमध्ये पेढे वाटले, आणि जिन्यात काकूंच्या गळ्यात पडून रडली. कुणाचंही वाईट झालं नाही, असं म्हणता येतं. वसाहतीतली जीभ फिरली आणि आता सरांच्या सचोटीचं कौतुक होऊ लागलं. पण सरांनी त्या दिवसानंतर डिक्टेशन दिलं नाही. शॉर्टहँड बंद, फक्त टायपिंग, असा कागद दारावर लागला. आणि मग ते बोलणंही कमी करत गेले. ज्या आवाजाचा आपल्याला भरवसा नाही तो बाहेर कशाला काढायचा, असं काही त्यांनी मनाशी ठरवलं असावं. श्रवणयंत्र आणलं होतं. त्यात मशीनचा खडखडाटच जास्त ऐकू येतो म्हणून ते कपाटात गेलं. काही वर्षांनी कोपऱ्यावर कॉम्प्युटरचा क्लास निघाला, काचेच्या दाराचा, गार हवेचा, आणि मुली तिकडे वळल्या. टाइपरायटर एकेक करून गेले. खोली मोठी दिसू लागली. पडदा मात्र तसाच मधे होता.

मी कोलशेत रोडवरच्या एका कंपनीत थोडी वर्षं नोकरी केली. मग लग्न होऊन मोहन्याला गेले. तिथे दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचे. साहेब नाही, डिक्टेशन नाही. सुरुवातीला सासूबाईंनी सांगितलेलं सामान मी गंमत म्हणून रेघांत लिहून घ्यायची, त्या चकित व्हायच्या. नंतर तेही सुटलं. हात किती लवकर विसरतो. आज पेन्सिल घेऊन बसले तर ॲक्सेप्टची रेघ कुठून सुरू करायची ते आठवत नाही. सरांचा आवाज आठवायला जाते तर तो पुसट झालेलाच येतो. आधीचा, धारेचा, जिन्यातून ऐकू यायचा तो, मी रोज ऐकलेला, कितीही कान दिला तरी येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. कुणाला सांगण्यासारखं ते वाटणं नाही.

त्या दुकानाच्या पाटीखाली उभी असताना मला आमची शेवटची भेट आठवत होती. नव्वदच्या दशकाची अखेर असेल. मी मोहन्याहून आले होते, वनिता कोर्टातून अर्धी सुट्टी काढून. तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं आणि बोलण्यात कोर्टातला ठामपणा आला होता. दुपारची वेळ. सर खिडकीशी खुर्चीत बसलेले, पांढरा शर्ट, इस्त्रीचा. आम्हाला पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले, पण बोलले नाहीत. काकू वाकल्या होत्या. त्यांच्या हाताशी एक शाळकरी पाटी होती.

"यावर लिहून बोलते मी यांच्याशी," त्या म्हणाल्या. "चहा. दूध आलं. बिल भरलं. एवढंच. हे मान हलवतात."

वनिता सरांशेजारी स्टूल घेऊन बसली. पर्समधून कोर्टातली वही काढली आणि काहीतरी लिहून त्यांच्यापुढे धरलं. सरांनी वाचलं. मग तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि लिहू लागले. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा हात सुटला. बारीक रेघ, जाड रेघ, वाकडी, ठिपका, पान उलटलं, परत रेघ. वनिता वाचत होती, मान हलवत होती, मधेच पेन्सिल घेऊन उत्तर देत होती, परत त्यांच्याकडे देत होती. कुणी अक्षर बोलत नव्हतं. खोलीत नुसती पेन्सिलीची खरखर. मी शेजारी बसून त्या रेघा बघत होते, आणि मला त्यातलं एखाददुसरंच लागत होतं. तो माणूस बोलत होता. भडाभडा, वर्षानुवर्षं साठलेलं, पूर्वीच्या वेगाने.

काकू पडद्यापाशी उभ्या राहून बघत होत्या. पानांमागून पानं भरताना पाहून शेवटी त्यांना राहवलं नाही.

"एवढं कधीचे बोलले नव्हते हे," त्या म्हणाल्या. "काय म्हणतायत गं? मला कुणीतरी वाचून दाखवा."

वनिताने पानाकडे बघितलं. "क्लासचं बोलतायत, काकू. जुन्या मुलींची चौकशी करतायत."

"आणि हे शेवटचं? हे लिहिताना थांबले होते."

वनिताने पान सरळ धरलं. मग कोर्टात वाचून दाखवतात तसं, सरळ आवाजात, तिने वाचलं. "सर म्हणतायत, बाकीचे आवाज गेले त्याचं आता काही वाटत नाही. फक्त तुमचा आवाज कसा होता, ते आठवेनासं झालंय."

काकूंनी पदर खांद्यावर सारखा केला. सर त्यांच्याकडेच बघत होते. वनिताने काय वाचलं ते त्यांनी ओळखलं असावं.

"सांग त्यांना," काकू म्हणाल्या, "काही विशेष नव्हता. भाजीवाल्याशी भांडायला पुरायचा."

वनिताने ते रेघांत लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. सरांनी वाचलं, आणि मान मागे टाकून हसले. स्वतःचं हसू ऐकू न येणारा माणूस हसतो तसे, केवढ्याने, बिनमापाचे. जिन्यातल्या कुणाचं तरी दार उघडल्याचा आवाज आला.

"अहो, हळू," काकू सवयीने म्हणून गेल्या. "शेजारी काय म्हणतील."

वनिताची पेन्सिल वहीवर टेकलेलीच होती. ते वाक्य तिने लिहिलं नाही.